पडद्यामागचं शिक्षण ‘आपोआप’ होत नाही

नाट्यविभागाचा हंगाम, म्हणजे वर्षभरात बसवली जाणारी नाटकं, हाच खरा वर्ग; रंगमंच व्यवस्थापनाची मुलं नाटकं करता करता आपोआप तयार होतात, असं नाट्यशिक्षणावरच्या एका लेखात म्हटलंय. अजिबात नाही! मी अशाच विभागात शिकलो. प्रॉम्प्ट बुक (सगळ्या सूचना टिपलेली संहिता) कसं ठेवायचं, क्यूच्या (दिवे, आवाज बदलायच्या क्षणाच्या) आधी ‘स्टँडबाय’, म्हणजे तयार राहायचा इशारा, कधी द्यायचा आणि ‘गो’ नेमका कोणत्या शब्दावर म्हणायचा, हे कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं. आम्हाला ते थेट तांत्रिक तालमीत (दिवे, आवाजासकट होणाऱ्या तालमीत) कळलं, तेही दिग्दर्शकाच्या ओरडण्यातून.

शिवाय हंगामाची नाटकं निवडताना नटांना भूमिका किती मिळतील एवढंच पाहिलं जातं, त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. लागोपाठ सगळी दिवाणखान्यातलीच नाटकं घेतली, तर प्रकाशयोजनेच्या पदवीवाल्यांनी वर्षभर काय करायचं? दिवे लावायचे आणि विझवायचे?