एक कोटी रोपं आणि नागपूरचा पारा

मे लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज येतोच. यंदा तो मावसभावानेही पाठवला. म्हणणं असं: नागपूरभोवती हजारो एकर पडीक जमीन रिकामी पडली आहे, तिथे एक कोटी झाडं लावा, पाच वर्षांत पारा ५ अंशांनी उतरेल; कोळसा, वीज वगैरेंचा बाऊ करू नका. पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ‘रिकामी’ या शब्दाचं बघू. ज्याला आपण पडीक म्हणतो, त्यातलं बरंचसं झुडपी जंगल आहे. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत मिळून ते ८६ हजार हेक्टरांच्या वर भरतं आणि ते वन म्हणूनच धरायचं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. बोर, पळस, खैराची झुडपं, मधे पवन्या नि कुसळीचं गवत, आणि त्यावर चरणारी गावची गुरं, शेळ्या. अशा उथळ मुरमाड माळावर दाट झाडी उभी करायचा हट्ट कशाला? गवताचा कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो, त्यामुळे वणवा लागला तरी त्यातला बराचसा जमिनीतच राहतो. तिथे जेसीबी लावून खड्डे पाडायचे आणि सुबाभूळ, काशिद लावायची, याने धडधाकट माळ बिघडतो आणि गुराख्याची चराई जाते.

‘लावलं की जगतं’ हे दुसरं. दोन वर्षांपूर्वी जुलैत आम्ही पंधरा-वीस जण हिंगण्याच्या बाजूला एका टेकाडावर रोपं लावून आलो होतो. पुढच्या मे महिन्यात पाहायला गेलो तर बांबूच्या काड्या तेवढ्या उभ्या होत्या. एक वाळकं रोप हाताने ओढलं, ते अलगद वर आलं. मुळांभोवतीची काळी पिशवी तशीच होती, मुळं आतल्या आत गोल फिरलेली. खड्डा वीतभर मुरूम आणि खाली सरळ दगड. फोटो आम्ही जुलैत काढले होते, मे महिन्यात पाणी घेऊन कोणीच गेलं नव्हतं. मीही नाही.

खरोखर नासलेली जमीन सुधारता येते, आणि याचा उत्तम दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. सावनेर तालुक्यातल्या गुमगाव मॅंगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर माती नव्हतीच, नुसता खडकाचा चुरा. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे साखर कारखान्यातली प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, घातली, रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर हे हवेतला नत्र धरणारे जिवाणू आणि मुळांशी जोडीने राहणारी मायकोरायझा बुरशी दिली, आणि साग, शिसू, कडुनिंब उभे केले. म्हणजे आधी मातीत जीव आणला, मग झाड लावलं. या कामाला वर्षं लागतात आणि रविवारच्या एका सकाळी ते उरकत नाही.

आता कोळशाचा ‘बाऊ’. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरू. एक कोटी रोपं लावली, सगळी जगली आणि सगळी मोठी झाली, तर वर्षाचे २ लाख टन. कोळशाच्या एका युनिट विजेमागे हाच वायू जवळपास १ किलो सुटतो. नागपूरजवळच्या खापरखेड्याचं कोळशावरचं १,३४० मेगावॅटचं वीज केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं, तर एवढा वायू सहा दिवसांत बाहेर पडतो. शेजारचं कोराडीचं वीज केंद्र तर मी धरलेलंही नाही. झाडं हवीतच, पण उत्सर्जन कमी करण्याचं काम त्यांच्या गळ्यात घालून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

५ अंशांचंही तेच. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. अशा दिवशी वायव्येकडून येणारा कोरडा, तापलेला वारा हिंगण्याच्या टेकाडावरची रोपं अडवू शकत नाहीत. सावली मात्र जिथल्या तिथे नक्की थंडावा देते. दुपारी दोनला सिव्हिल लाइन्समधल्या झाडांखालून जा आणि तिथून थेट इतवारीत उतरा, फरक अंगाला कळतो. म्हणून रस्तारुंदीत शहरातला जुना वड तोडून त्याबदली गावाबाहेर दहा रोपं लावण्याचा हिशेब मला पटत नाही. इतवारीत हातगाडी ओढणाऱ्या माणसाला ती सावली हिंगण्यात नाही, इतवारीत हवी आहे.

यंदा जुलैत ज्यांना यायचं आहे त्यांनी जरूर या. फक्त नाव देताना पुढच्या तीन उन्हाळ्यांतला आपला पाणी घालायचा वारही सांगा.