कोयनेचा नाइलाज, अलमट्टीची मुजोरी

पावसाळा लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर आयर्विन पुलाच्या पातळीचे फोटो सुरू होतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. सांगलीच्या पोरांना हे पाढ्यांसारखं पाठ असतं. मी राहते नेदरलँड्समध्ये, नायमेखेनच्या पलीकडे लेंट गावात. वाल नदी घरापासून दहा मिनिटांवर आहे, तरी झोपण्याआधी मी बघते ती कृष्णेची पातळी.

पाण्याबरोबर वादही चढतो. कोयनेतून विसर्ग वाढवला की आम्ही म्हणतो, धरण भरलंय, सोडावंच लागणार, नाइलाज आहे. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून तेवढा वाढला नाही की म्हणतो, मुद्दाम अडवून बसलेत, मुजोर आहेत. खरं तर दोन्ही धरणांवर आवक, वरचा पाऊस आणि खालची गावं बघणारा माणूसच बसलेला असतो. २०१९ च्या पुराला अलमट्टी जबाबदार नाही, असं आपल्याच राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये सांगितलं, तेही अनेकांना पटलं नाही. अलमट्टीची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायला माझाही विरोध आहे. पण तो फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागं मागंमागं तुंबत येणाऱ्या पाण्याच्या हिशेबावर लढायचा की समोरच्याच्या हेतूवर?

आपलं वागणं परिस्थितीनं समजावायचं आणि दुसऱ्याचं स्वभावानं, ही खोड माणसाची जुनीच. दुसऱ्याच्या बाबतीत परिस्थिती विसरण्याच्या या चुकीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये नाव दिलं. पण १९८४ मध्ये जोन मिलर यांनी शिकागो आणि म्हैसूरच्या लोकांना ओळखीच्या माणसांच्या बऱ्यावाईट वागण्याची कारणं विचारली. शिकागोतल्या मोठ्या माणसांनी जास्त करून स्वभावावर बोट ठेवलं, म्हैसूरच्यांनी प्रसंग आणि नातीगोती सांगितली. म्हैसूर, म्हणजे कर्नाटकच! माणसाकडे त्याच्या अडचणीसकट बघायची रीत आपल्या दोघांच्याही घरात आहे. ती फक्त शेजाऱ्यासाठी वापरायची राहून जाते.

मीही तेच केलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथून लिहिलं, "पूररेषेत घरं बांधायचीच कशाला? वर सांगूनही बाहेर पडत नाहीत." पाणी ओसरल्यावर मावशीचा फोन आला. आवाज शांत होता.

"अगं, २००५ ला पाणी दुसऱ्या पायरीला येऊन थांबलं होतं. त्या हिशेबानं आम्ही फ्रिज टेबलावर चढवला, गव्हाचं पोतं पलंगावर ठेवलं. हट्ट नव्हता गं, अंदाज होता. आणि तुझ्या काकांच्या पगारात उंचावरच्या विश्रामबागला प्लॉट कुठला मिळणार होता?"

२००५ ला पातळी ५३ फूट ८ इंच होती. २०१९ ला ती ५७ च्या वर गेली. वरचे ते चार फूट तिच्या स्वयंपाकघरात होते.

मी स्वतः बंधाऱ्याच्या आत, सखल जागेत राहते. ऑफिस जवळ, भाडं परवडलं, म्हणून. मला कुणी लोभी म्हणत नाही. इथं १९९५ च्या पुरात अडीच लाख माणसं हलवली होती. पुढं नदीला जागा द्यायची म्हणून लेंटचा बंधारा ३५० मीटर मागं सरकवला, सुमारे ५० घरं पाडली. भांडणं इथंही झाली. पण ज्यांची घरं गेली ते मूर्ख होते म्हणून तिथं राहिले, असं मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

याचा अर्थ सगळ्यांना माफी, असा नाही. नाल्यावर भराव टाकून प्लॉट पाडणाऱ्याला आणि कागदावर सही करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. सही करणाऱ्याचा नाइलाज आपण चटकन समजून घेतो, कारण तो ओळखीचा असतो. प्लॉट घेणाऱ्याचा मात्र लोभ दिसतो. मला राग येतो तो या दोन मापांचा.

मावशीनं जिन्याच्या भिंतीवर आता दोन रेघा मारल्यात, २००५ ची आणि २०१९ ची. २०२१ च्या जुलैत पाणी ५० च्या वर गेलं, तेव्हा ती आधीच निघाली होती. परवा म्हणाली, "यंदाही ४५ झाले की निघायचं. गहू जूनमध्येच तुझ्या दादाकडं पोचवलाय."