दिवा लावायला ओटीपी?

"लाईट लाव" म्हटलं की स्मार्ट स्पीकरमधल्या बाईसाहेब विचारतात, "कोणतं गाणं लावू?" अगं बाई, दिवा! दिवा लाव! तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा आतून आई म्हणाली, "कुणाशी भांडतोयस रे?"

हीच आई रोज झोपताना सवयीने भिंतीवरचं बटण बंद करते. तिची काय चूक? जन्मभर दिवा असाच विझत आलाय. पण बटण बंद म्हणजे फोनवरून चालणारा स्मार्ट बल्ब मेलाच. शेवटी मी बटणावर चिकटपट्टी लावली. म्हणे स्मार्ट घर!

राउटर बदलला, तर अख्ख्या घराने ओळख दाखवणं सोडलं. का? बल्बला २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय लागतं आणि फोन बसलाय ५ वर. मी काय आकाशवाणी केंद्र चालवतोय? गेलेली वीज पहाटे ३ वाजता आली आणि बेडरूममधला बल्ब आपणहून फटकन पेटला, पूर्ण उजेडात. गीझरचा स्मार्ट प्लग 'ऑफलाईन'. त्याला बटण आहे हो, पण छताजवळ. टॉवेल गुंडाळून स्टुलावर चढा!

काल पाहुणे आले होते. बाथरूममधून काका ओरडले, "अरे, दिवा कुठून लागतो?"

काय सांगू? आधी ॲप डाउनलोड करा, काका. ओटीपी येईल.