वाचता न येणारं पोर कुणाच्या बाजूचं?

नोव्हेंबर जवळ आला की बेळगावहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच विषय असतो. एक तारखेला कर्नाटकाचा राज्योत्सव, सीमाभागातल्या आपल्या मराठी माणसांचा काळा दिवस. मग पाट्या, परिपत्रकं, मराठी शाळांतल्या रिकाम्या जागा. मी खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत शिकले. घरच्या भाषेत शिकण्याचा हक्क मला आजही तितकाच मोलाचा वाटतो. पण न्यू जर्सीत विशेष मुलांच्या वर्गावर शिकवताना सारखं वाटतं, जे पोर कुठल्याच भाषेत वाचू शकत नाही त्याच्याबद्दल या भांडणात कुणीच का बोलत नाही?

माझी वहिनी तिकडे प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल म्हणाली, "समजतंय सगळं बघ त्याला, पण पुस्तक समोर धरलं की गप बसतंय." घरात मराठी, शाळेत देवनागरी, कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानं पहिलीपासून कन्नडही सक्तीचं, शिवाय इंग्रजी. म्हणजे तीन लिप्या. देवनागरीत 'कि' म्हणताना क आधी, पण वेलांटी काढायची त्याच्या डावीकडे. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली जातं. बरीच मुलं हे निभावून नेतात. एखादं अडतं, तेव्हा कन्नड नवीन म्हणून अडलंय की डिस्लेक्सिया, म्हणजे समज असूनही वाचन अडण्याची अक्षमता, आहे, हे बाईंनी ओळखायचं कसं? त्याला 'ढ' म्हणून मागे बसवणं सोपं पडतं.

अमेरिकेत १९७५ पासून विशेष शिक्षणाचा कायदा आहे. मुलाची तपासणी शक्यतो त्याच्या घरच्या भाषेत करावी लागते. केवळ इंग्रजी कच्चं म्हणून त्याला अपंग ठरवता येत नाही. आईवडिलांसाठी बैठकीत दुभाषी बसवावा लागतो. माझ्या वर्गात स्पॅनिश बोलणारा एक मुलगा आहे. त्याच्या बाकावर दिवसाच्या कामांची चित्रपट्टी चिकटवलेली असते. काम झालं की तो ते चित्र ओढून डब्यात टाकतो आणि पुढच्याकडे बघतो. दहा गणितांचं पान मी घडी घालून देते, एका वेळी दोनच दिसतील असं. इथंही कागदपत्रांचा ढीग आहे आणि शिक्षक कमी पडतात, पण मुलाला काय जमतं हे आधी बघायचं, ही शिस्त मोडत नाही.

यातलं फारसं काही पैशावाचून अडणारं नाही. कर्नाटकाची स्वतःची नली-कली पद्धत तर यासाठीच बनवल्यासारखी आहे. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ती सुरू झाली. कार्डं, गट आणि शिकण्याची शिडी. प्रत्येक मूल आपल्या वेगानं पायरी चढतं. ती कार्डं मराठीतही पुरेशी आणि वेळेवर मिळावीत, यासाठी का भांडू नये? डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता लवकर ओळखून उपाय करायला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं केलेली 'डाली' ही डिस्लेक्सियाची चाचणी मराठीत आहे, कन्नडमध्येही आहे. म्हणजे साधन दोन्ही बाजूंच्या हातात आहे.

जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या पुढच्या निवेदनात एक मागणी वाढवा: मराठी आणि कन्नड दोन्ही येणारा विशेष शिक्षक, दर आठवड्याला प्रत्येक शाळेत. खाली कन्नड शाळेतल्या पालकांच्याही सह्या घ्या. अडलेली पोरं त्यांच्याही घरात आहेत.