माइक कोणाचा बंद करायचा?
मुलीचा आवाज ऐकून शिव्या देणाऱ्यांचा त्रास टाळायचा तर मुलींनी ऑनलाइन गेममध्ये माइक बंद ठेवावा, हा तुमच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. स्क्वाडमध्ये, म्हणजे चौघांच्या टीममध्ये, सगळं आवाजावरच चालतं. ‘डावीकडे दोघं आहेत’ हे टाइप करेपर्यंत खेळ खल्लास! आणि प्रश्न आवाजापुरता नाहीच. दक्षिण कोरियाची गेमर गेगुरी आठवा. 2016 मध्ये ‘ओव्हरवॉच’ हा नेमबाजीचा गेम इतकं अचूक खेळायची की हॅक (फसवणुकीचं सॉफ्टवेअर) वापरते म्हणून आरोप झाला. 16-17 वर्षांची पोर, तिला हातांवर कॅमेरा रोखून सगळ्यांसमोर खेळून दाखवावं लागलं. (पुढे 2018 मध्ये ओव्हरवॉच लीग या व्यावसायिक स्पर्धेतली पहिली महिला खेळाडू तीच.) पोरगा असता तर निम्मे तरी ‘काय खेळतोय राव’ म्हणाले असते. शिव्या देणाऱ्याला म्यूट करायची, रिपोर्ट करायची सोय बहुतेक गेममध्ये असते. स्क्वाडमधले बाकीचे दोघं ते बटण का दाबत नाहीत, यावर लिहा की कधीतरी.