आजाराचा पुरावा सैनिकाकडे का मागायचा?

भरतीच्या वेळी सैनिकाची तपासणी किती कसून होते, हे आमच्या सातारा-कोल्हापूरकडे घरोघर ठाऊक आहे. डोळे, कान, दात, छाती, गुडघे, तळपाय सगळे पाहिले जाते आणि लहानशी उणीव सापडली तरी मुलगा घरी परत येतो. अशा चाळणीतून निवडलेला माणूस पंधरा-वीस वर्षांनी रक्तदाब, हृदयविकार, फिट्स किंवा मनाचा आजार घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या कागदावर 'सेवेशी संबंध नाही' असा शेरा असतो. कारण न देता मारलेल्या या शेऱ्याला माझा विरोध आहे, कारण त्या एका ओळीने माणसाचा विकलांगता पेन्शनचा आयुष्यभराचा हक्क जातो.

मी स्वतः सैन्यात क्लार्क होतो आणि निवृत्तीनंतर गावाकडच्या माजी सैनिकांचे पेन्शनचे कागद पाहून देतो. सेवेतून बाहेर पडताना सैनिकाची तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाचा एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म त्यामुळे माझ्या नजरेखालून सतत जातो. अशाच एका माजी हवालदाराच्या फॉर्ममध्ये उच्च रक्तदाब, विकलांगता ३० टक्के, मुदत आयुष्यभर, असे नोंदवलेले होते. आजार सेवेमुळे झाला का, नाही. सेवेमुळे बळावला का, नाही. आणि कारण एवढेच, की आजाराची सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या ठाण्यावर, झाली. त्याच फॉर्मच्या पहिल्या भागात त्याच्या सगळ्या पोस्टिंगची यादी होती आणि प्रत्येकीपुढे फील्ड (खडतर, मोहिमेचा भाग) की पीस हेही लिहिलेले होते. पीस स्टेशनला येण्याआधीची त्याची सलग वर्षे काश्मीरमध्ये आणि उंचावरच्या ठाण्यांवर गेली होती. रक्तदाब काही पोस्टिंगचा आदेश पाहून सुरू होत नाही. तो शरीरात वर्षानुवर्षे घडत जातो आणि सापडतो मात्र एखाद्या दिवशीच्या तपासणीत. बोर्डाने ही यादी वाचून मग 'नाही' लिहिले असते आणि का ते सांगितले असते, तर निदान वाद घालायला काही जागा उरली असती.

कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये नियमांचा अर्थ लावून दिला. धरमवीर हा सिग्नल कोअरचा, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन शाखेचा, जवान; १९८५ साली भरती झाला आणि फिट्सच्या आजारामुळे १९९४ साली त्याला सेवेतून काढण्यात आले. बोर्डाने आजार प्रकृतिजन्य, म्हणजे शरीराच्या मूळ घडणीतूनच आलेला, ठरवून पेन्शन नाकारली होती. न्यायालयाने सांगितले, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो माणूस तेव्हा निरोगी होता असे धरले पाहिजे. आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, सैनिकाची नव्हे. शंकेचा फायदा सैनिकाला मिळाला पाहिजे. आणि आजार भरतीच्या वेळी ओळखता येण्याजोगा नव्हता असे बोर्डाचे म्हणणे असेल, तर त्याने त्याची कारणे लिहिली पाहिजेत. एवढे स्पष्ट असूनही त्यानंतरच्या बोर्डांच्या कागदांवर तेच जुने एका ओळीचे शेरे मी वाचत आलो आहे.

या पेन्शनची रक्कम किती, हेही सांगतो. शंभर टक्के विकलांगतेला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के आणि त्याखाली त्या प्रमाणात, असा हिशेब आहे. वेतन ४०,००० रुपये धरले तर २० टक्क्यांचे २,४०० रुपये होतात आणि २० टक्के पन्नासला पूर्णांकित झाले, म्हणजे ५० टक्के धरले गेले, तर ६,००० रुपये. पूर्णांकनाचा हा लाभ आधी फक्त मुदतीपूर्वी आजाराने बाहेर पडलेल्यांना मिळे. राम अवतार खटल्यातील डिसेंबर २०१४ च्या निकालाने तो मुदत संपवून निवृत्त होणाऱ्यांनाही लागू झाला. ऐन चाळिशीत, मुले शाळेत असताना, आजारामुळे दुसरी नोकरी मिळत नसलेल्या जवानाच्या घरात या सहा हजारांचे मोल फार मोठे असते.

मला सर्वांत जास्त सलते ती सरकारची अपिले करण्याची सवय. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली त्यांनी असे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली आणि विकलांगता पेन्शनमधल्या अपिलांवर त्या समितीने नेमके बोट ठेवले. तरीही २०२५ च्या जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला केंद्र सरकारच्या सुमारे ३०० याचिका एकत्र फेटाळाव्या लागल्या. सशस्त्र दल न्यायाधिकरणात जिंकलेल्या, स्वतः आजारी असलेल्या माणसाला पुन्हा दिल्लीतला वकील शोधायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

गैरवापराचा मुद्दा मी टाळत नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालात अशी पेन्शन घेणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांमध्ये बरेच जास्त दिसले आणि त्यावर प्रश्न विचारले जाणे रास्तच आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे नियम आले आणि मुदत संपवून निवृत्त होणाऱ्यांसाठी 'इम्पेअरमेंट रिलीफ' (शारीरिक बाधेबद्दलची मदत) हा वेगळा प्रकार सुरू झाला. परंतु खोटा दावा ओळखायचा असेल तरी बोर्डाला प्रत्येक रुग्णाचा सेवेचा इतिहास वाचून कारणेच लिहावी लागतील. सरसकट नकाराने खोटा दावेदार अडत नाही. त्याच्याकडे वकील असतो. अडतो तो गावाकडचा शिपाई, ज्याला अपील करता येते हेच कोणी सांगितलेले नसते.

म्हणून ज्यांच्या घरात असा कागद आहे त्यांना कळकळीची विनंती आहे. बोर्डाच्या कागदांची पूर्ण प्रत आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी मागवा आणि त्यात कारण काय लिहिले आहे ते पाहा. भरतीची वैद्यकीय नोंद आणि पोस्टिंगची यादी जोडून पहिले अपील मुदतीत करा. तिथे नकार आला तर दुसरे अपील आणि त्यानंतर न्यायाधिकरण, ज्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अर्ज कैक वर्षे उशिरा केला तरी पेन्शनचा हक्क बुडत नाही. थकबाकी मात्र सर्वसाधारणपणे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तरसेम सिंग यांच्या खटल्यात ठरवून दिले आहे. त्यामुळे हा अर्ज पुढच्या महिन्यावर ढकलू नका.