भुरीबाईंचे दहा रुपये

आज पुन्हा चित्रकार भुरीबाईंवर तोच मजकूर वाचला. गरीब मजूर बाई, थोर माणसाची नजर पडली आणि नशीब उजळलं. संताप येतो! मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलची ही भिल बाई भोपाळला भारत भवन या कला केंद्राच्या बांधकामावर आली, तेव्हा तिचा हात तयारच होता. गेरू, पांढरी माती, हळद, तव्याची काजळी, पानांचा रस घेऊन ती लहानपणापासून घराच्या भिंती रंगवत होती.

तिथल्या चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी चित्रं काढायला सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं ते मजुरीचं. बांधकामावर दिवसाला ६ रुपये मिळायचे. त्यांनी १० देऊ केले. लिहिणारे हे दहा रुपये एका ओळीत उरकतात आणि पारखी नजरेवर चार परिच्छेद खर्ची घालतात. अहो, रोज बुडला तर चूल कशी पेटणार? कौतुक करणारे पुष्कळ भेटतात, दिवस भरून देणारा विरळा.

स्वामिनाथन नसते तर हे नाव आपल्यापर्यंत आलं नसतं, हे मान्य. तेवढं श्रेय त्यांचं.

पण पुढची मेहनत कोण बघतं? भिल चित्रात आकार टिपक्यांनी भरतात. शेणामातीची भिंत पाणी पिते, टिपका टेकवला तिथेच बसतो. कागदावर पोस्टर कलरचं तसं नाही. पातळ झाला की टिपका पसरतो, कडा जाते, कागद फुगतो. फार दाट झाला तर वाळल्यावर पापुद्रा सुटतो. आधी आकार सपाट रंगानं भरायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. ओल्यावर टिपके दिले तर खालचा रंग मिसळून पांढरा टिपका मळकट होतो. वाळलेला रंगही पाणी लागलं की परत सुटतो, म्हणून वरचा रंग घट्टसर हवा आणि टेकवून लगेच हात उचलायचा. थोड्या थोड्या टिपक्यांनी पुन्हा रंग घ्यायचा, नाहीतर ओळ फिकी पडत जाते. एका हरणाच्या अंगावर असे शेकडो. उपजत देणगी म्हणून हे सोडून देता? दिवसच्या दिवस जातो त्यात! त्या दिवसाचे ते दहा रुपये होते.

पिठोरा म्हणजे भिलांचं भिंतीवरचं देवाचं चित्र. त्यातला घोडा बाईनं काढायचा नाही, ही रीत. भुरीबाईंनी तो बाजूला ठेवला आणि झाडं, जनावरं, घरं काढली. पुढे विमानंही आली. किती मोकळं वाटतं ते बघताना.

२०२१ साली पद्मश्री मिळाली, छान झालं. भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात त्यांनी स्वतःचं आयुष्य भिंतीवर रंगवलंय, ते जवळ जाऊन बघा, घाई करू नका. आणि एखादी बाई सुंदर काढते असं दिसलं, तर फोटो टाकण्याआधी तिचा रोज विचारा. त्याहून जास्त द्या. जाड कागद आणि रंगाच्या भरलेल्या बाटल्या द्या, चित्राखाली तिचं नाव लिहा.